खोके तपासले, घेणारा राहिला

समजा, ॲरिझोनातल्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली जुनी ०.२२ बोअरची रायफल विकली आणि कपाटाच्या तळाशी हजारभर काडतुसे उरली. त्यांचा मुलगा टेक्सासमध्ये राहतो, त्याच्याकडे त्याच बोअरची रायफल आहे, आणि साडेतीन किलोच्या आसपास भरणारे हे ओझे त्याच्याकडे पाठवून द्यावे असे त्यांच्या मनात येते. पाठवता येईल का? प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण २०२० मध्ये करोनाच्या साथीबरोबर अमेरिकेत काडतुसांची टंचाई आली, दुकानांतल्या फळ्या रिकाम्या पडल्या, आणि ज्यांच्या घरी साठा होता त्यांना परराज्यातला भाऊ, मुलगी, जावई आठवू लागला. तेव्हापासून हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि दर वेळी तेच भांडण पेटते. एक पक्ष म्हणतो, हजारो गोळ्या कोणीही कोणालाही विनाचौकशी पाठवू शकतो हाच वेडेपणा आहे, हा मार्ग सरसकट बंद करा. दुसरा म्हणतो, वस्तू माझी, मुलगा माझा, राज्याची सीमा ही नकाशावरची रेघ. यात सरकारचा संबंध येतोच कुठे?

माझ्या मते दोन्ही पक्ष भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत. पहिल्याला पार्सल अडवायचे आहे, दुसऱ्याला ते सोडवायचे आहे, आणि ते उघडणारा माणूस कोण हे दोघेही विचारत नाहीत. वडिलांनी मुलाला परराज्यात काडतुसे पाठवणे आज केंद्रीय कायद्याने गुन्हा नाही, आणि तो होऊही नये. मात्र घेणारा माणूस काडतुसे बाळगायला पात्र आहे की नाही, हे पाठवण्यापूर्वी कळण्याची सोय असली पाहिजे. ती दुकानदाराला हवी तशी वडिलांनाही हवी, आणि नात्याला त्या पात्रतेच्या जागी बसवता कामा नये. हे म्हणणे दोन्ही बाजूंना रुचत नाही, याचा अनुभव मी इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही घेतला आहे. पहिल्या बाजूला ते मवाळ वाटते आणि दुसऱ्या बाजूला ती सरकारी घुसखोरी वाटते.

आधी आजचा कायदा नीट पाहू, कारण भांडणाऱ्यांपैकी अनेकांना तो ठाऊक नसतो. बंदूक आणि काडतूस यांत अमेरिकेचा केंद्रीय कायदा मोठा फरक करतो. परवाना नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या माणसाला बंदूक परस्पर देणे, मग तो सख्खा मुलगा का असेना, वारसाहक्कासारखे थोडे अपवाद सोडले तर गुन्हा आहे. ती परवानाधारक विक्रेत्याच्या हातून जावी लागते. काडतुसांना हे बंधन नाही. सरकारी टपाल खाते जिवंत काडतूस स्वीकारतच नाही, पण खासगी मालवाहू कंपन्या आपापल्या अटींवर ते घेऊ शकतात. या अटी सगळीकडे सारख्या नसतात, आणि कोपऱ्यावरच्या पार्सलच्या दुकानात खोके ठेवून निघून येणे सहसा चालत नाही. आत दारूगोळा आहे हे वाहतूक कंपनीला लेखी कळवावे लागते. न कळवणे हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे. काडतुसे आतल्या डब्यांत, कप्प्यांत, बुडाच्या ठिणगीच्या टोपीला म्हणजे प्रायमरला धक्का लागणार नाही अशी बसवावी लागतात. बाहेरचे खोके भक्कम आणि एकूण वजन ३० किलोंच्या आत हवे, आणि त्यावर टोकावर उभा असलेला एक चौकोन हवा, ज्याची वरची व खालची टोके काळी आणि मधला भाग पांढरा असतो. पूर्वी त्याच्या जागी ‘ओआरएम-डी’ ही अक्षरे असत. ती खूण २०२१ च्या आरंभी कायमची बाद झाली.

आता या साऱ्या नियमांत मुलाबद्दल काय विचारले आहे? खोक्याचे वजन विचारले, डब्याचे कप्पे विचारले, चिठ्ठीवरचे रंगही ठरवून दिले. मुलाबद्दल चकार शब्द नाही. वास्तविक घेणारा कोण असू नये हे केंद्रीय कायदा चांगले सविस्तर सांगतो. एक वर्षाहून अधिक शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला, घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यातही दोषी ठरलेला, जोडीदाराला धमकावल्यावरून न्यायालयाचा संरक्षण-आदेश अंगावर असलेला, देशात बेकायदा राहणारा, अशा माणसांना बंदूकच काय, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. अशा माणसाला काडतूस देणाराही गुन्हेगार ठरतो, पण त्याला हे ‘माहीत होते’ किंवा तसे ‘मानायला सबळ कारण होते’ तरच. आणि माहीत करून घ्यायचे कसे? केंद्रीय तपास यंत्रणेची पार्श्वभूमी तपासण्याची व्यवस्था ३० नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे, बहुतेक चौकशांना ती मिनिटांत उत्तर देते. पण ती परवानाधारक विक्रेत्यांसाठी आहे, खासगी माणसाला तिथे नाव विचारता येत नाही. म्हणजे कायदा वडिलांना सांगतो की अपात्र माणसाला देऊ नका, आणि तो अपात्र आहे का हे पाहण्याची खिडकी मात्र बंद ठेवतो.

ही विसंगती कुठून आली हे समजायला थोडे मागे जावे लागते. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ओस्वाल्डने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानाकडून टपालाने इटालियन बनावटीची रायफल मागवली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. त्या कायद्याने बंदुकांबरोबर काडतुसांचीही राज्याराज्यांतली टपाली विक्री बंद केली, आणि काडतुसे विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचे नाव वहीत लिहायला लावले. अठरा वर्षे या वह्या भरल्या गेल्या. १९८६ मध्ये काँग्रेसने काडतुसांवरची ही बहुतेक बंधने काढून टाकली, आणि ती काढताना एक महत्त्वाची साक्ष पुढे होती: ज्या खात्याने हा कायदा राबवायचा, त्याच खात्याने सांगितले की काडतुसांच्या या नोंदींचा गुन्हे शोधण्याच्या कामी म्हणण्यासारखा उपयोग होत नाही.

बंदूक-हक्कांचे समर्थक ही साक्ष आजही हुकमाच्या पानासारखी टाकतात, आणि ती खरीच आहे. पण ती नेमके काय सिद्ध करते? दुकानदाराच्या वहीत नाव लिहिले गेले, ती वही गल्ल्याखाली धूळ खात पडली, आणि ज्याचे नाव लिहिले तो पात्र होता की नाही हे त्या क्षणी कुणीही पाहिले नाही. नोंद म्हणजे तपासणी नव्हे, एवढेच त्यातून सिद्ध होते. तपासणी निरुपयोगी आहे हे सिद्ध होत नाही, कारण ती झालीच नव्हती. १९८६ मध्ये निरुपयोगी कागद रद्द झाला हे ठीक झाले. त्या जागी काहीच ठेवले नाही, ही चूक होती. त्या काळी पात्रता तत्काळ तपासण्याची यंत्रणाच नव्हती हे मान्य केले, तरी १९९८ नंतर ही सबब उरत नाही.

मार्ग बंद करण्याच्या मागणीचेही असेच एक जुने उदाहरण आहे, आणि ते बंदीवाद्यांनी वाचायला हवे. १९२७ मध्ये काँग्रेसने अंगावर लपवता येतील अशा पिस्तुलांना टपालातून बंदी केली. टपालाचा हा रस्ता बंद झाला. खासगी एक्स्प्रेस कंपन्यांचा रस्ता उघडाच राहिला, आणि ज्याला पिस्तूल मागवायचे होते त्याने फक्त वाहतूकदार बदलला. काडतुसांच्या बाबतीत तर खासगी कंपन्यांचा रस्ताही बंद करून भागणार नाही. तीच काडतुसे वडील मोटारीच्या डिकीत टाकून नेऊ शकतात; विमानाने गेले तर नीट बांधून चेक-इन सामानात नेऊ शकतात, आणि बऱ्याच विमान कंपन्यांची त्यासाठीची मर्यादा पाच किलोंच्या आसपास आहे. साडेतीन किलोंचे ओझे त्यात सहज बसते. अशा वेळी पार्सलवर बंदी घातल्याने नेमके कोण अडेल? ज्याचे गुडघे दुखतात आणि ज्याला हजार मैल गाडी हाकवत नाही, तो म्हातारा.

खोक्याच्या नियमांची मी थट्टा करतो आहे असा समज होऊ नये. धोकादायक माल जाहीर न करता पाठवला की काय होते याचे उदाहरण ११ मे १९९६ रोजी फ्लोरिडात घडले. व्हॅल्यूजेटच्या विमानाच्या मालकक्षात प्राणवायू तयार करणारी जुनी रासायनिक उपकरणे होती, कागदोपत्री ती रिकामी म्हणून दाखवली होती. उड्डाणानंतर थोड्याच वेळात आग लागली, विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि ११० माणसे मेली. काडतुसे त्या मानाने सौम्य असतात. नळीबाहेर, उघड्यावर पेटलेले काडतूस बंदुकीतल्यासारखी गोळी झाडत नाही, ते जागच्या जागी फुटते, आणि म्हणूनच त्यांना स्फोटकांच्या कमी धोक्याच्या वर्गात टाकून जमिनीवरून सवलतीने नेऊ देतात. तरीही गोदामात आग लागली तर अग्निशमन दलाच्या माणसाला आत काय आहे हे कळायलाच हवे. दारूगोळ्यावरचे हे बंधन फार जुने आहे. बोस्टनसारख्या शहरांत स्वातंत्र्ययुद्धाच्या काळापासून बंदुकीची दारू घरात किती आणि कशी ठेवावी यावर कायदे होते, आगीच्या भीतीने. माझा आक्षेप एवढाच की आगीची काळजी घेणाऱ्या या कायद्याने, खोके सुखरूप पोचल्यानंतर काय होते याची काळजीही घेतली आहे, असा भास होतो. चिठ्ठी बरोबर चिकटवली म्हणजे सारे रीतसर झाले असे पाठवणाऱ्याला वाटते, आणि तसे वाटण्यात त्याचा दोष नाही.

आता बंदूक-हक्कांच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. तो ‘माझी वस्तू, माझा मुलगा’ हा नाही. खरा मुद्दा असा आहे की पात्रता ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला की तो नावडत्या माणसांवर चालवला जातो, आणि अमेरिकेचा इतिहास याला साक्ष आहे. ऑक्टोबर १७७४ मध्ये तिसऱ्या जॉर्जने वसाहतींकडे जाणारी शस्त्रे आणि दारूगोळा रोखण्याचा हुकूम काढला. पुढच्या एप्रिलमध्ये इंग्रजी फौज काँकॉर्डला निघाली ती तिथला शस्त्रसाठा आणि दारूगोळा नष्ट करायला, आणि तिथूनच युद्ध पेटले. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने जे कायदे केले त्यांत मुक्त झालेल्या काळ्या माणसाला परवान्याशिवाय बंदूकच नव्हे, तर कोणताही दारूगोळा बाळगायलाही मनाई होती. १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, त्यानंतर त्यांनी शस्त्र बाळगण्याचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याला गरज नाही असे ठरवणारा अधिकारी ही कल्पित भीती नाही. मराठी वाचकाला हे समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. लिटनच्या काळात १८७८ मध्ये झालेल्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना घ्यायला लावला आणि गोऱ्याला त्यातून मोकळे सोडले. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केले.

या इतिहासाला उत्तर द्यायचे तर ‘आता काळ बदलला’ असे म्हणून चालणार नाही. पण या चारही उदाहरणांत दोष कशात आहे ते पाहावे. पहिल्यात सगळ्यांची सरसकट नाकेबंदी आहे, दुसऱ्यात आणि चौथ्यात जन्मावरून भेद आहे, तिसऱ्यात अधिकाऱ्याची मर्जी आहे. न्यायालयाने रीतसर सुनावणी घेऊन दिलेली शिक्षा किंवा आदेश यांपैकी कशातही नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक अशा मताने हेच मान्य केले, की ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असे न्यायालयाने ठरवले आहे त्याला तात्पुरते निःशस्त्र करता येते. तेव्हा भीती मर्जीची असेल तर उपाय मर्जी काढून टाकण्याचा आहे: यादी कायद्यात लिहिलेली, कारण न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेले, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच. कुणालाही ‘तुम्हाला गरज काय’ असे विचारण्याचा अधिकार असू नये.

तरीही कॅलिफोर्नियाचे काय, असे कुणी विचारील, आणि विचारावेच. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘प्रपोझिशन ६३’ हा काडतुसांच्या विक्रीवर बंधने घालणारा प्रस्ताव मंजूर केला. जानेवारी २०१८ पासून परराज्यातून मागवलेली काडतुसे थेट घरी येणे बंद झाले, ती परवानाधारक विक्रेत्याकडेच उतरवावी लागू लागली. जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला पार्श्वभूमी तपासणी आली. कल्पना मला पटणारी. अंमलबजावणी मात्र अशी झाली की विरोधकांना आयते कोलीत मिळाले. पहिल्या काही महिन्यांत नेहमीच्या, १ डॉलरच्या तपासणीत सुमारे १६ टक्के लोक नाकारले गेले, आणि त्यांतले जवळपास सगळे पात्र होते. कुणाचा पत्ता बंदूक-नोंदीतल्या पत्त्याशी जुळेना, कुणाची जुनी बंदूक सरकारी नोंदीत सापडेना. कुणाच्या वाहन-परवान्यावर ठरावीक शेरा होता म्हणून पासपोर्ट किंवा जन्मदाखला मागितला गेला. यावर दुसरी तपासणी होती, १९ डॉलरची आणि काही दिवस घेणारी. या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत किम रोड आघाडीवर आहे, जिने १९९६ पासून २०१६ पर्यंत सलग सहा ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची पदके मिळवली. जानेवारी २०२४ मध्ये जिल्हा न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हाही नाकारल्या जाणाऱ्यांचे प्रमाण ११ टक्के होते. काही दिवसांतच वरच्या न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि खटला पुढे चालू राहिला.

दहांतल्या एका पात्र माणसाला परत पाठवणारी तपासणी ही तपासणी नव्हे, छळ आहे, हे मी मान्य करतो. पण चूक कुठे झाली? माणूस अपात्र आहे का, हा प्रश्न विचारण्याऐवजी तिथे माणूस सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळतो का, हा प्रश्न विचारला गेला. नोंद चुकली की माणूस चुकला, असा तो हिशेब होता. रेशनकार्डावरचे एक अक्षर चुकल्यामुळे तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आणि याच कॅलिफोर्नियाच्या कायद्यात, आमच्या विषयाच्या दृष्टीने, सर्वांत बोलका अपवाद आहे. विक्रेत्यामार्फत जाण्याची अट पती-पत्नी, नोंदणीकृत जोडीदार आणि ‘निकटचे कुटुंबीय’ यांच्यातल्या देवाणघेवाणीला लागू नाही. निकटचे कुटुंबीय म्हणजे कोण? कायद्याची व्याख्या दोन ओळींची आहे: आईवडील आणि मूल, आजीआजोबा आणि नातवंड. भाऊ नाही, बहीण नाही, काका-मामा-आत्या-मावशी कुणी नाही. म्हणजे आमच्या ॲरिझोनाच्या गृहस्थांचा मुलगा टेक्सासऐवजी सॅक्रामेंटोला असता तर ते त्याला खोके पाठवू शकले असते, पण तिथल्याच सख्ख्या भावाला नाही. मुलावर संरक्षण-आदेश असला आणि त्याने तो घरी सांगितला नसला, तरी खोके त्याच्या दाराशी जाऊन पोचेल; भाऊ वीस वर्षे पोलिसांत काढून निवृत्त झालेला असला, तरी त्याचे खोके विक्रेत्याच्या दुकानातूनच जाईल. दुकानातल्या तपासणीचा एवढा खटाटोप करणाऱ्या राज्याने घराच्या दाराशी मात्र रक्ताच्या नात्याला ओळखपत्र मानले. १८७८ च्या कायद्यात जन्म हा परवाना होता, आणि इथेही वेगळ्या, कितीतरी निरुपद्रवी रूपात का होईना, तीच कल्पना आत शिरली आहे.

यावर उत्तर येते की घरचेच लोक एकमेकांना सर्वांत जास्त ओळखतात. ओळखतात, खरे आहे. आणि झाकूनही तेच घेतात. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत तर हा अपवाद अगदी नको तिथे उघडतो. न्यायालय आदेश देते की बंदुका जमा करा. नवरा दोन जमा करतो, तिसरी कुणाला माहीत नसते. आता त्याला दुकानातून काडतुसे घेणे अडचणीचे आहे. अशा वेळी तो कुणाकडे मागेल? अनोळखी माणसाकडे नक्कीच नाही. तो आईला फोन करील, आणि सुनेची बाजू कधी ऐकलेलीच नसलेली आई मुलाला नाही कशी म्हणेल? तिला ‘सबळ कारण होते’ हे सिद्ध करणे कोणत्या वकिलाला जमणार?

आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. अमेरिकेत एच-वन-बी किंवा विद्यार्थी-व्हिसावर असलेल्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, बंदूक आणि काडतुसे बाळगता येत नाहीत. अपवादांत नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. ग्रीनकार्डधारकाला ही मनाई नाही. टेक्सासमधला नागरिक झालेला मामा ओहायोत शिकणाऱ्या भाच्याला, पोरगा मित्रांबरोबर नेमबाजीला जातो म्हणून, कौतुकाने दोन डबे पाठवतो. खोके नियमात, वजन नियमात, वाहतूक कंपनीला लेखी कळवलेले. आणि भाच्याच्या हातात ते पडताच तो केंद्रीय कायद्याने गुन्हेगार, त्याचा व्हिसा धोक्यात. भाच्याचा व्हिसा कोणता हे मामाला माहीत असल्यामुळे त्याचीही सुटका सोपी नाही. खोक्याच्या साऱ्या नियमांत एकदा तरी ‘घेणारा पात्र आहे का’ हा प्रश्न असता, तर दोघेही वाचले असते.

बंदीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा ऑरोराचा आहे. कोलोरॅडोतल्या ऑरोरामध्ये २० जुलै २०१२ रोजी चित्रपटगृहात गोळीबार होऊन १२ माणसे मेली आणि सुमारे ७० जखमी झाली. मारेकऱ्याने सहा हजारांहून अधिक गोळ्या घरबसल्या मागवल्या होत्या. सहा हजार गोळ्या दाराशी येतात आणि कुणाला काही वाटत नाही, या विधानाला उत्तर देणे कठीण आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर पात्रतेची तपासणी असती तरी त्याला अडवले नसते. त्याने बंदुका तपासणी पार करूनच घेतल्या होत्या. काडतुसांचीही पार केली असती. माझ्या प्रस्तावाने ऑरोरा टळले असते असे मी म्हणणार नाही, आणि जे तसे म्हणतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरे ऑरोरा इलिनॉय राज्यात आहे. या राज्यात १९६८ पासून बंदूक किंवा काडतूस बाळगायला प्रत्येकाला राज्याचे ओळखपत्र लागते, आणि परराज्यातून काडतुसे मागवताना त्याची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. तत्त्व म्हणून मला ही पद्धत कॅलिफोर्नियापेक्षा सरळ वाटते, कारण इथे पात्रता माणसाला चिकटलेली आहे, खोक्याला नाही, सीमेला नाही आणि रक्तालाही नाही. पण १५ फेब्रुवारी २०१९ रोजी याच ऑरोरातल्या एका कारखान्यात कामावरून काढलेल्या माणसाने पाच सहकाऱ्यांना मारले. १९९५ मध्ये मिसिसिपीत तो गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला होता, आणि तरीही २०१४ मध्ये त्याला ते ओळखपत्र मिळाले होते. पुढे बोटांच्या ठशांवरून जुना गुन्हा उघडकीस आला, ओळखपत्र रद्द झाल्याचे पत्र गेले, आणि पिस्तूल त्याच्याकडेच राहिले. पद्धत चांगली असली तरी ती राबवणाऱ्याने पत्र टाकून हात झटकले तर काय होते, ते इथे दिसते. दोन्ही ऑरोरांचा दाखला भाषणांत दिला जातो, पण एक बाजू फक्त पहिले सांगते आणि दुसरी फक्त दुसरे.

सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन नव्वदीच्या दशकात म्हणत असत की देशातल्या बंदुका दोन शतके पुरतील, पण काडतुसे चारच वर्षांची आहेत, तेव्हा लक्ष काडतुसांवर द्या. युक्तिवाद चतुर आहे, कारण बंदूक टिकते आणि काडतूस एकदाच वापरता येते. फक्त कोरड्या जागी ठेवलेले काडतूसही दशकानुदशके चालते हे त्यात धरलेले नाही, आणि आमच्या गृहस्थांच्या कपाटासारखी कपाटे अमेरिकेत किती असतील याचा हिशेब कुणाकडेच नाही. एवढा साठा लोकांच्या घरात असताना पुरवठा तोडण्याची भाषा पोकळ आहे. तो साठा हात बदलतो त्या क्षणी एक प्रश्न विचारता येईल, एवढेच शक्य आहे.

तो विचारायचा कसा, याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. घेणाऱ्याने स्वतः आपली ओळख पटवून चौकशी करावी, पात्र असल्यास त्याला काही दिवस चालेल असा एक क्रमांक मिळावा, तो त्याने पाठवणाऱ्याला कळवावा, आणि पाठवणाऱ्याने वाहतूक कंपनीला आजही जे लेखी कळवावे लागते त्याच कागदावर तो लिहावा. काय पाठवले, किती पाठवले, कुठल्या बोअरचे, यातले काहीही सरकारकडे जाण्याचे कारण नाही. नोंदवहीची भीती खरी असेल, तर दुकानातल्या बंदूक-खरेदीला आज जो नियम आहे तोच लावावा: तिथे मंजूर झालेल्या चौकशीतली माहिती चोवीस तासांत नष्ट करावी लागते. चौकशी घेणाऱ्यानेच करायची असल्यामुळे मुलाचा भूतकाळ वडिलांना कळत नाही. क्रमांक आला नाही एवढेच कळते, आणि ‘सबळ कारण’ म्हणायला तेवढे पुरेसे आहे. वडिलांना यात अपमान वाटेल असे कुणी म्हणते. मोटारीची किल्ली मुलाच्या हातात देताना त्याच्याकडे वाहन-परवाना आहे का हे आपण पाहतोच, आणि त्यात पोराचा अपमान झाला असे कुठल्या घरात मानत नाहीत.

गुन्हेगार हा क्रमांक घेत बसणार नाही, हा आक्षेप उरतो. नाही घेणार. खोक्यावर ‘पुस्तके’ लिहून पाठवणारा आजही पाठवतो आहे, आणि त्याला गाठायला लेखी सूचनेचा कायदा आधीच आहे. पण आज मार्गच नसल्यामुळे न विचारणारा प्रामाणिक बाप आणि मुद्दाम न विचारणारा लबाड भाऊ कायद्यापुढे एकसारखे दिसतात. मार्ग उघडा असेल तर न विचारण्याचे कारण सांगावे लागेल. खर्चाचा प्रश्न राहतो, आणि तिथे मी बंदूक-हक्कवाल्यांच्या बाजूचा आहे: कॅलिफोर्नियासारखे १९ डॉलर घेऊ नयेत, १ सुद्धा घेऊ नये. आणि ठरावीक वेळात उत्तर आले नाही तर क्रमांक आपोआप मिळावा, म्हणजे सरकारी दिरंगाईचा दंड घेणाऱ्याला बसणार नाही. तसे केल्याने एखादा अपात्र माणूस निसटेल, हे मी मान्य करूनच लिहितो आहे.